चिंचेने घासलेली बंदूक

॥ श्री ॥

सर्वण, डिचोली
बुधवार, २४ सप्टेंबर २०२५

चि. सगुण यास बायचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. तुम्हीही केरीला खुशाल असणार असं मी धरून चालते, कारण तू सांगत काहीच नाहीस. फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. बाबा रे, फोनवर तुझ्या भावोजींचं नाव काढलं की केरीची रेंज जाते. गेस्टहाऊसच्या पाहुण्यांशी तास तास बोलतोस तेव्हा ती कुठून येते कोण जाणे. पत्राची रेंज जात नाही. माझी सून ऋतिका पेडण्याच्या शाळेत शिकवते, तिच्याकडेच देते आहे. तिला बजावलंय, पत्र मामांच्या हातात द्यायचं आणि शेवटपर्यंत वाचून होईस्तोवर समोरून हलायचं नाही. तेव्हा तिला चहा कर आणि निमूट वाच.

भावोजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. बरं झालं. सध्या तपासण्यांसाठी म्हापशाला विनिताकडे आहेत. लेकीच्या हातचं खायचं आणि वर तिच्या आमटीला नावं ठेवायची, असं मजेत चाललंय. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरी येतील. कुळागरात सुपारी यंदा बरी आहे, केळींची मात्र रानडुकरांनी वाट लावली. आमचा लेक साईश पत्र्याचा डबा बडवत फिरतो. त्याला स्वतःलाच फटाक्याचा आवाज सोसत नाही, त्यामुळे डबाही असा हळू बडवतो की डुकरं मान वर करून बघतात आणि पुन्हा खायला लागतात.

आता मुद्द्याचं लिहिते. मी बंदूक बिघडवली.

हसू नकोस, आधी ऐक. परवा भावोजींचा फोन आला, "सुमंगला, दसरो आयलो. बंदूक पुसून दवर गो." दसऱ्याला आमच्याकडे कोयता, कुऱ्हाड, बंदूक आणि हल्ली ऋतिकाचा लॅपटॉपसुद्धा पूजेला बसतो, हे तुला माहीत आहे. म्हटलं, पुसते. काडतुसं वेगळ्या कपाटात कुलपात असतात, तरी मी बंदूक मधून उघडली आणि दोन्ही नळ्यांत बोट घालून बघितलं. रिकाम्या होत्या. मग नळ्या सोडवल्या, सळीला पितळी ब्रश लावून मागच्या बाजूने आत फिरवला, त्यावर धोतराचा फडका, तो मळका आला की दुसरा, अगदी स्वच्छ येईस्तोवर. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि तोही कोरड्या फडक्याने टिपून काढला. खोबरेल लावलं नाही, ते आत चिकट होऊन बसतं. बघ, तुझी बाय काही विसरलेली नाही. नळी उजेडाकडे धरली तर आतून नुसती लखलखत होती.

इथेच थांबले असते तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण त्याच दिवशी विहिरीवर समया, तांब्याची कळशी, आरतीचं तबक असं सगळं घासायला काढलं होतं. चिंच भिजलेली, राख तयार. बंदूक आतून एवढी उजळ आणि बाहेरून काळीकुट्ट, देवापुढे अशी कशी मांडायची? चोळली चिंच. काळं भराभर उतरलं आणि नळ्या चांदीच्या दिसायला लागल्या. मी इतकी खूश, की ऋतिका शाळेतून यायच्या वेळी त्या नळ्या हातात धरून दारासमोरच्या बाल्कांवात उभी राहिले. पोरीच्या तोंडचं पाणीच पळालं.

"आई, हें कितें केलें तुमी? तो मळ न्हय, तो रंग आसलो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर नळ्या अबोलीच्या रंगाच्या. हात लावला तर बोटाला गंज.

पोदेर पाव घेऊन आला, भोंगा वाजवतोय. थांब, उंडे घेऊन येते.

घेतले. तर गंज बघितल्यावर मला तुझंच वाक्य आठवलं, "क्रोम भितर आसा गो बाय, भायर ना." कधी म्हणाला होतास ते आठवतं का? आठवत असणारच, त्यानंतर तू या घरची पायरी चढला नाहीस. तो दसराच होता. भावोजी पाहुण्यांसमोर फुशारकी मारत होते की आपली क्रोमची नळी, हिला पुसायची गरजच पडत नाही. तू म्हणालास, क्रोमलाही धूर बसतो, काडतुसातलं प्लास्टिक चिकटतं, ओल खाली शिरली की क्रोमचे पापुद्रे सुटतात. एवढ्यावर राहिला असतास तर गोष्ट वेगळी. पण तू सळी घेतलीस, पांढरा फडका सगळ्यांदेखत नळीतून ओढलास आणि तव्याच्या बुडासारखा काळा झालेला फडका वर धरलास. कोणीतरी हसलं. भावोजी म्हणाले, "म्हज्या घरांत येवन म्हजी बंदूक तपासतलो तूं?" आणि तू वाढलेल्या ताटावरून उठलास.

मी त्या दिवशी कोणाचीच बाजू घेतली नाही. आता सांगते. नळीच्या बाबतीत तू बरोबर होतास. फडका सगळ्यांसमोर वर धरलास, तिथे चुकलास. बहिणीने सांगितलं म्हणून राग येत असेल तर चहात साखर जास्त घाल.

आता पुढचं ऐक, खरं पत्र याच्यासाठीच आहे. मशीनचं तेल शोधताना कपाटाच्या तळाशी एक बिस्किटांचा डबा मिळाला. आत धोतराचे चौकोनी फडके, घडी घालून नीट रचलेले, सगळे पांढरे. मला वाटलं, पुढच्या वेळेसाठी फाडून ठेवलेत. नाकाशी धरले तर तेलाचा वास. म्हणजे वापरलेले होते. नळीतून सगळ्यात शेवटी ओढलेले, आणि पांढरेच निघालेले. डुकरांवर बार काढून आले की तुझे भावोजी खोलीचं दार लोटून घ्यायचे. मी समजत होते, दमून झोपतात. मळका फडका माणूस चुलीत घालतो. पांढरा घडी घालून ठेवतो तो कोणाला तरी दाखवायला. मला त्यांनी कधी दाखवला नाही, साईशला नाही. मग कोणासाठी ठेवले असतील ते तूच सांग.

सगुण, वर मी लिहिलंय की ऑपरेशन बरं झालं. जखम भरली, एवढंच खरं आहे. उजव्या डोळ्याने आता दिसणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्याला माणसांच्या सावल्या दिसतात. विनिता म्हणते, दिवसभर घर हसवत असतात आणि संध्याकाळी कोणी बघत नाही असं वाटलं की भिंतीकडे तोंड करून बसतात. तुला लगेच कळवायचं होतं. पण तू त्याच्यावर काय बोलशील याची मला धास्ती होती, आणि काहीच बोलला नाहीस तर त्याची जास्त.

बंदूक पुसली त्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा फोन केला, फडका पांढरा निघाला का ते विचारायला, "फडको धवो आयलो मगो?"

मी म्हटलं, "आयलो."

"बरो पळय गो. तुका दिसता."

तुला दिसतं, नीट बघ म्हणाले, म्हणून मी फडका पुन्हा दिव्याकडे धरून बघितला. मग तेच म्हणाले, "सगुण आसतो जाल्यार..." तू असतास तर काय, ते सांगायच्या आत म्हापशाची रेंज गेली. तुम्हा दोघांची कंपनी एकच दिसते.

आधी मी स्वतःची समजूत घातली होती की दिसतच नाही तर गंज तरी कसा कळणार. पण पूजेआधी ते बंदुकीवरून बोट फिरवतात, दस्त्यापासून नळीच्या तोंडापर्यंत, अगदी सावकाश. डोळे होते तेव्हाही तसंच करायचे. यंदा ते बोट चिंचेने खाल्लेल्या लोखंडावरून जाईल. मला रागावतील त्याचं काही नाही, आजवर काय कमी रागावलेत? पण डोळ्यांबरोबर बंदूकही गेली असं त्यांच्या मनाने घेतलं तर मला ते बघवणार नाही.

म्हणून तू ये. तुझ्या एकनळीला केरीच्या खाऱ्या वाऱ्याने गंज धरला होता तेव्हा तू तांब्याच्या बारीक तारेने तेल लावून तो काढला होतास आणि बाटलीतला काळा रंग परत चढवला होतास. ती बाटली घेऊन ये. डिचोलीत कोणाला दाखवायची मला लाज वाटते, गावभर होईल की सर्वणच्या सुमंगलाने बंदुकीची समई केली.

आणखी एक काम आहे. लायसन आता ऋतिकाच्या नावावर करायचं ठरलंय, अर्ज दिलाय. कॉलेजात ती एनसीसीत होती, हात स्थिर आहे, डुकरांवर रागही आहे. कसं धरायचं, कसं पुसायचं हे भावोजी तिला तोंडाने सांगतील. पण सळीवर हाताचा जोर किती द्यायचा, फडका किती मळला म्हणजे बदलायचा, ते बघून सांगणारं माणूस शेजारी लागेल. त्यांना मदतीला बोलावलं तर ते मान्य करणार नाहीत. तू सुनेला शिकवायला आलास असं म्हणू, म्हणजे दोघांचंही नाक शाबूत राहील.

मंगळवारपर्यंत ये आणि दसरा करूनच जा. खतखतं आणि मणगणं करते. बांगडे आणू नकोस, नवरात्र आहे. या खेपेला ताटावरून उठलास तर मी तुझ्या पाठोपाठ केरीला येऊन राहीन, आणि तुझ्या पाहुण्यांच्या समया घासून देईन.

पाकिटात त्या डब्यातला एक फडका घातलाय. उजेडाकडे धरून बघ. पांढरा आहे की नाही, ते इथे येऊन तूच त्यांना सांग. माझ्या सांगण्याने त्यांचं भागत नाही.

तुम्हा दोघांची वाट बघणारी,
सुमंगलाबाय