रानपिंगळ्यासमोर नाव घेऊ नये

आदरणीय झुलालभाऊंस,

तुमच्या धाकट्या साडूचा, वनाचा, दोंडाईच्यापर्यंत पोचेल एवढा मोठा रामराम. तुमचा गुडघा आणि तुमची म्हैस, दोघं आता उठताबसता कुरकुरत नसतील अशी आशा. तुमच्या मेहुणीची (म्हणजे आमच्या घरधनिणीची) तब्येत उत्तम आहे, तोंड तेवढं माझ्याशी बंद आहे. फोनच केला असता, पण इथे सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज फक्त आमच्या अंगणातल्या सागाखाली येते, आणि सगळं रामायण त्या सागावरच बसलेलं आहे.

झालं असं, की महिन्यापूर्वी त्या सागावर एक पिंगळा येऊन बसला. वनखात्याचा माणूस म्हणाला, हा साधा नव्हे, रानपिंगळा. शंभरावर वर्षं कोणाला दिसला नव्हता, सापडला तो आपल्या खान्देशात. मी छाती फुगवून गावभर सांगत सुटलो. पण आमची आत्या, कमलअक्का (वय ऐंशी, दात सहा, हुकूम अमर्याद), म्हणाली, पिंगळ्यासमोर कोणाचं नाव घ्यायचं नाही. तो ते पाठ करतो, घोकत बसतो, आणि ज्याचं नाव तो माणूस वाळत जातो. साधा पिंगळा निदान दिवसा झोपतो. हा मेला दिवसाढवळ्या टक्क जागा. म्हणून घरात चोवीस तास नावबंदी. मी 'ओ टोपी', पोरगी 'अय वेणी'. (बायकोची पंचाईत नाही, तिने पंचवीस वर्षांत माझं नाव घेतलेलंच नाही.)

अशात तुम्ही सुचवलेले पाहुणे आमच्या पोरीला, भूमिकेला, पाहायला आले. घरात उकडतं म्हणून सागासमोरच्या ओट्यावर बसवले, तिथेच घात झाला. मुलाच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, बेटा, तुझं नाव काय? पोरीने अक्काकडे पाहिलं, अक्काने सागाकडे. त्यांना वाटलं, पोरीला ऐकू कमी येतं. त्यांनी ओरडून विचारलं. शेवटी पोरीने पोह्यांच्या बशीखालच्या पेपरवर नाव लिहून दिलं, आणि त्या भल्या माणसाने ते खणखणीत आवाजात वाचलं, तेही दोनदा. वरून पिंगळ्यानेही साद दिली. अक्काने कपाळाला हात लावला. पाहुणे चहा अर्धा टाकून गेले आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला, मुलगी मुकी आहे हे आधी सांगायला हवं होतं. भाऊ, जी पोरगी एसटीच्या कंडक्टरला गप्प करते, ती मुकी? मुलगा तिला आवडला होता, म्हणून आता खरंच कोणाशी बोलत नाही. माझ्या जिवाला फार लागलंय. तरी तुम्ही मध्ये पडून पाहुण्यांची समजूत घालावी.

आपला,
वना (हे घरात बसून लिहिलंय, मोठ्याने वाचलेलं नाही.)

ता. क. : त्याच संध्याकाळी अक्का काठी टेकत सागाखाली गेली आणि वर पाहून म्हणाली, "मन्हं नाव कमलबाई शे. हाई घोक. पोरनं नाव इसरी जाय." मला हसू येणार होतं, आलं नाही.

आणखी ता. क. : पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात तो मुलगा एकटा येऊन गेला, म्हणे पिंगळ्याचा फोटो काढायला. दोन तास पिंगळ्याकडे पाठ करून भूमिकेशी बोलत बसला. तेव्हा समजूत घालण्याचं राहू द्या, ते काम झालं. वडीलही राजी होतील आणि वैशाखातली तारीख मागतील, असं तो म्हणाला. ती तेवढी होऊ देऊ नका. पोरीचं लग्न पाहिलं की निघते, असं अक्काने पिंगळ्याला कबूल केलंय. मुहूर्त नाही, हॉल मिळत नाही, काय वाटेल ते सांगा, पण तारीख जितकी लांबवता येईल तितकी लांबवा.