हरून आल्याचे पेढे

बाबा, तुमची नात सिंगापूरला माझ्याकडे परत आली. मेलबर्नमधलं तिचं मिसळीचं दुकान बंद पडलं. तुम्ही तिला पाहिलंच नाहीत, ती जन्मायच्या आधीच गेलात. पण हनुवटी तुमची आहे आणि हट्टही तुमचाच.

बातमी कळल्यापासून मी चांगलं खरमरीत भाषण तयार केलं होतं. ‘नोकरी सोडू नकोस म्हणाले होते की नाही?’ इथून सुरुवात. तिला आणायला चांगी विमानतळावर जाताना इथल्या मेट्रोत, एमआरटीत, बसून घोकलंसुद्धा. आणि ती बाहेर आली एवढंसं तोंड करून. “सॉरी आई, ऑल गॉन लाह,” तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, तर माझं भाषण कुठल्या कुठे पळालं. तुमचे ते स्कॉटलंडवाले आठवले.

मी तेव्हा शाळेत होते. तुम्ही ओट्याशी मटार सोलताय आणि दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवायचा इतिहास आधी मला नि आईला ऐकवताय. “इंग्रजांसारखं आपलंही समुद्रापार काहीतरी हवं, म्हणून स्कॉटलंडच्या लोकांनी पनामाकडे, डेरिएनला, जहाजं धाडली. घराघरातली पुंजी ओतली. आणि त्या दमट जंगलात नेलं काय, तर लोकरीचे कपडे नि केसांचे टोप!” आई हसून हसून बेजार. मग तापानं, उपासमारीनं माणसं पटापट मेली. मागून गेलेल्यांचीही तीच गत. थोडे जिवंत परतले, तर गाव त्यांचं तोंड बघेना. एका बापानं म्हणे पोराला घरातच घेतलं नाही. इथे तुमचा आवाज चढला. “गाढव लेकाचा! पोरगं बुडालं असतं तर ऊर बडवला असता, आणि जिवंत आलं तर दार लावतो?” मटार घरभर. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसावर इतकं चिडलेलं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही.

पुढे नोकरीसाठी गेलेली मीच सिंगापूरहून हात हलवत परतले. कंपनी बंद, म्हणून तिथे राहायचा पास रद्द. कॉलनीत तोंड कसं दाखवू या विचारात घरी येते, तर तुम्ही घरोघर पेढे वाटताय! मी फणकारले, “बाबा, हरून आलेय मी. पेढे कसले?” “आलीस ना?” म्हणालात आणि एक माझ्याच तोंडात कोंबलात. लोकांची तोंडं बंद करायला केलंत, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. परवा चांगीला कळलं, तुम्हाला नुसता आनंद झाला होता.

काल बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवताना मी तिला डेरिएनची गोष्ट सांगितली. “वूल? इन द जंगल? सो ब्लर लाह! अगदीच बावळट!” म्हणाली.

“आणि तू सकाळी सकाळी मेलबर्नला तर्री पाजत होतीस, ते गं?”

किती दिवसांनी हसली हो! मग पोळीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाली, “आई, मी पुढच्या वर्षी परत जाणार. धिस टाइम नीट करीन.”

तुम्हीही मला दुसऱ्यांदा पाठवलंत. विमानतळावर हसत होतात, आणि तीच आपली शेवटची भेट ठरली. कसं जमलं हो तुम्हाला? मीही काल “जा, बाळा” म्हणाले. हसलेसुद्धा.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते. दुकान बुडाल्याचं तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी आनंद झाला, वाईट नंतर वाटलं. आणि काल “जा” म्हणताना मनातल्या मनात मी देवाला विनवत होते, हेही बुडू दे.