इस्त्रीबाईच्या डोंगरी रॅपची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, धंदा लाँड्री, रॅपच्या मंचावरचे नाव इस्त्रीबाई, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे सोडल्यास प्रकृती ठणठणीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. चिरंजीवांनी तो दोनदा वाचावा.

कलम १. लाँड्रीचे दुकान, धुलाईची यंत्रे व वाफेची इस्त्री माझ्या पश्चात मुलाला मिळावी. मुलगा कष्टाळू आहे. ताल मात्र त्याने वडिलांचा घेतला. आमचे हे स्वतःच्या लग्नातही टाळ्या चुकीच्या ठेक्यावर वाजवत होते.

कलम २. बँकेतली ठेव सुनेला. का, ते तिला ठाऊक आहे. मुलाने विचारू नये.

कलम ३. माझा डोंगरी ढंग. आमच्या डोंगराकडे रॅप सावकाश म्हणतात. शब्दाचे शेपूट गिळायचे, श्वास लांबवायचा आणि मध्येच असे थांबायचे की ऐकणाऱ्याला वाटावे, बाई गेली की काय. बंदरावरचे लोक याच्या उलट. बोट सुटायला आल्यासारखे बोलतात, तीन शब्दांमागे एक यमक. हल्लीच्या मुलांचा हिपहॉप कुठल्याच गावचा नसतो. फोनवर शिकतात, सगळ्यांचे सर्दी झाल्यासारखे एकच नाक. म्हणून माझा ढंग नातीच्या नावे करावा, असे मी वकीलसाहेबांना सांगितले. ते म्हणाले, "बाई, ढंग स्थावर मालमत्ता की जंगम?" मी म्हटले, "डोंगरी आहे, स्थावरच लिहा." त्यांनी लिहिले नाही. म्हणून मी लिहिते आहे.

कलम ४. माझी नणंद, बंदरावरची, मंचावरचे नाव भोंगा. लग्न होऊन मी या घरी आले तेव्हा सासूबाईंच्या धाकाने आम्ही दोघी दुकानामागच्या खोलीत कपडे वाळत घालता घालता रॅप करायचो. पुढे जोडीने मंचावर गेलो, नाव झाले. मग ती स्पर्धा आली. शेवटच्या कडव्याआधी मी थांबले. ते थांबणे हाच त्या रचनेचा दागिना होता. वन्संना वाटले, वहिनी शब्द विसरली. त्यांनी त्या जागेत स्वतःच्या चार ओळी कोंबल्या. आम्हाला पहिले बक्षीस मिळाले आणि परीक्षकांनी नेमक्या त्याच चार ओळींचे कौतुक केले. याहून मोठा अपमान कोणी कोणाचा केला असेल, असे मला वाटत नाही. त्यानंतर आम्ही बरीच वर्षे एकमेकींशी बोललो नाही. घरात कार्य असले की मी स्वयंपाकघरात आणि त्या बाहेर, किंवा उलट.

गेल्या महिन्यात नातीचा कार्यक्रम होता. सभागृहात माणसे कमी, फोन जास्त. पोरगी घाबरली आणि त्याच सर्दीच्या आवाजात काहीतरी पुटपुटू लागली. तेवढ्यात पुढच्या रांगेतून भोंगा वाजला, "अगं, तोंड उघड! शब्द गिळतेस काय?"

मला राहवले नाही. मी मागच्या रांगेतून म्हटले, "गिळू दे तिला! आमच्या डोंगराचं रक्त आहे."

"रक्त निम्मं माझ्या भावाचं आहे, वहिनी!"

"म्हणूनच ताल चुकतोय, वन्सं!"

हे भांडण यमकात कधी गेले, मला कळले नाही. त्या भराभर, मी सावकाश. नातीने आमच्या ओळींखाली ठेका धरला आणि मधल्या जागेत स्वतः बोलू लागली. सुरुवात बंदराची, शेवट डोंगराचा, आणि मधले तिचे स्वतःचे. लोकांना वाटले, हे सगळे ठरवून चालले आहे. फोन खाली आले. मुलगा टाळ्या वाजवत होता, कोणत्या ठेक्यावर ते विचारू नये. कार्यक्रमानंतर वन्सं घरी आल्या, चहा प्यायल्या आणि चहाला नावे ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी तोच चहा प्यायला पुन्हा आल्या.

कलम ५. सबब, दुकानामागची खोली, तिथला माइक, मिक्सर व दोन्ही स्पीकर नातीला मिळावेत. वन्संना तिथे हयातभर येण्याजाण्याचा, बसण्याचा व ओरडण्याचा हक्क राहील. मुलाने तिथे वाळवणी यंत्र बसवू नये. मोजमाप घेताना मी त्याला पाहिले आहे.

कलम ६. माझे अंत्यसंस्कार साधेपणाने करावेत. भाषणे नकोत. वन्संनी माझी एक रचना म्हणावी. मात्र माझ्या ढंगात, सावकाश. हे कलम मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तुझा ढंग मला येत नाही असं नाही, वहिनी. पण तो मी म्हटला की तू खरंच गेलीस, असं होईल. मी नाही म्हणणार."

मी म्हटले, "मग तुमच्या ढंगात म्हणा."

"ते तुला आवडणार नाही."

या मुद्द्यावर आमच्यात अद्याप एकमत झालेले नाही. रोज दुपारी चर्चा होते. सबब कलम ६ अपूर्ण ठेवले असून ते पूर्ण होईपर्यंत मरण्याचा माझा इरादा नाही.

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: चौदा मार्च

सही: इस्त्रीबाई

साक्षीदार:
१. शेजारचे चावीवाले (सही)
२. समोरच्या औषधदुकानातल्या बाई (सही, भांडण रोज ऐकू येते, बाई पूर्ण शुद्धीत आहेत)