आढळले नाही

१४ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद,

परवा घरी परतलो. डोंगरापलीकडच्या अणुवीज केंद्रात स्फोट झाला त्या दिवशी लावलेलं कुलूप चार वर्षांनी उघडलं. दार फुगून बसलं होतं. तुझ्या वहिनीने खांदा लावला तेव्हा हललं. मी नुसता सूचना देत होतो.

आता शेताचं. किरणोत्सारी धूळ वरच्या चार बोटं मातीत बसते म्हणे. म्हणून सरकारी माणसांनी तेवढी माती खरवडून काळ्या पिशव्यांत भरली. म्हणजे बाबांनी आणि मी चाळीस वर्षं खत घालून केलेली नेमकी तेवढीच. पिशव्या ‘तात्पुरत्या’ आपल्याच बांधाला रचल्या आहेत, दोन पुरुष उंच. शेतात कुठल्याशा टेकडीची पिवळी माती आणून पसरली. साहेब म्हणाले, शेत आता अगदी स्वच्छ आहे. खरंच स्वच्छ आहे. एक गांडूळ दिसेल तर शपथ.

तू अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत आहेस, तेव्हा थोडं शहाणपण इकडे पाठव. वहिनी तुझी आठवण काढते, मी काढत नाही, असं तिने मुद्दाम लिहायला सांगितलंय.

तुझा,
दादा

२६ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं. आता कामाचं. बटाटे लाव, शेणखत घाल आणि पोटॅश सढळ हाताने टाक. त्या धुळीतलं सीझियम हा पोटॅशचा तोतया आहे. पिकाला दोघांतला फरक ओळखता येत नाही. पण पोटॅशने पोट भरलेलं असलं की ते तोतयाला दारात उभं करत नाही.

पहिले बटाटे निघाले की दोन किलो माझ्याकडे पाठव. आमचं यंत्र शिशाच्या पेटीत बसून मोजतं, नातं बघत नाही. तुझी भाची आता सहा वर्षांची झाली. मामाने तिला चार वर्षांत पाहिलेलं नाही याचा जाब ती मला विचारते.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, कमी पडला तर कळव.

तुझी,
ठमी

९ जुलै

चि. ठमीस आशीर्वाद,

निघाले! मुठीएवढे आहेत, पण बटाटेच आहेत. एक लहान पोतं पाठवतोय. दोन किलो तुझ्या यंत्राला, बाकीचे भाचीला.

काल साहेब आले होते. हातात बटाटा धरून त्यांनी फोटो काढून घेतला. फार चवदार असेल म्हणाले, आणि बटाटा आमच्या पायरीवर विसरून गेले. बाजारातल्या व्यापाऱ्याने एक उचलला, गाव विचारलं, मग हळूच खाली ठेवून हात पँटला पुसला. तुझा कागद आला की त्याच्या नाकासमोर धरतो.

तुझा,
दादा

१८ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

तीनदा मोजले. निकाल सोबत आहे: ‘आढळले नाही’. खाली सही माझीच आहे, हवं तर चौकटीत लाव. उरलेले त्याच दिवशी उकडले आणि मीठ-मिरी लावून फस्त केले. तुझ्या भाचीने दोनदा मागून घेतले. पुढच्या खेपेला जास्त पाठव.

तुझी,
ठमी

२ सप्टेंबर

चि. ठमीस आशीर्वाद,

भाऊजी कामानिमित्त इकडे येऊन गेले. सरळ माणूस. गप्पांच्या ओघात म्हणाले, ते पोतं अजून गॅलरीतच आहे, वीतभर कोंब फुटलेत, त्याचं करायचं काय? वहिनीने विषय बदलला आणि नंतर भांडी जरा जोरात घासली.

तुझा कागद बघून व्यापाऱ्याने सगळा माल उचलला. लोक खाताहेत, त्यांच्या घरीही पोरं आहेत. म्हणून एवढंच विचारतो, रागाने नाही: यंत्र खरं बोलतं ना?

दादा

६ सप्टेंबर

दादा,

यंत्र खरं बोलतं. खोटं मी बोलले.

बटाटे सोलले, उकडले, ताटात वाढले. मुलगी हात धुऊन येऊन बसली आणि मी ताट उचललं. गरम आहे म्हणाले. मग पाव आणला. दिवसाला चाळीस कागदांवर सही करते, फोनवर लोकांना सांगते की निर्धास्त खा. आकडा मला पाठ होता रे. तरी हात पुढे होईना. तुझ्या भाऊजींना वाटलं मी विसरले. मी तसंच वाटू दिलं.

वहिनीला काय तोंड दाखवू? तुमच्याकडे यायचंय. पण तुम्ही नको म्हणालात तर ते बरोबरच आहे.

ठमी

१२ सप्टेंबर

चि. ठमीस अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, आपलंही सांगून टाका.

तुझा कागद आला त्या दिवशी तिने बटाटे उकडले. दोघं समोरासमोर बसलो. मी म्हटलं, तू घे आधी. ती म्हणाली, कर्ते तुम्ही आहात. असं करता करता ते गार झाले, आणि आम्ही डब्यातली बिस्किटं खाऊन झोपलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बिस्किटं संपली. तिने न बोलता वाढलं, मी न बोलता खाल्लं. चव कशी होती ते आठवत नाही. भीती वाटत होती एवढं आठवतं. आता रोज खातो, आणि चवही कळते.

रविवारी या सगळे. भाचीसाठी घरून डबा आणलास तरी चालेल, आम्हाला मुळीच वाईट वाटणार नाही, असं लिहिणार होतो. पण आता खोटं लिहायचं नाही असं आमचं ठरलंय. वाईट वाटेल. तरी या.

तुझा,
दादा