कोळंबीच्या साखरेची कुपी

मी चंद्रकांत दामोदर ओगले, वय वर्षे अठ्ठावन्न, रसायनशास्त्राचा अध्यापक, राहणार नानपुरा, सुरत, पोटात कर्करोग असला तरी डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. आधीचे मृत्युपत्र पत्नी मंगला हिच्या नावे होते. दोन वर्षांपूर्वी ती याच रोगाने गेली, म्हणून ते रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगी नीला हिला. मागील दारची शेगडी मात्र विकू नये. आमच्या शाकाहारी घरात तिच्यावर मी कोळंबीची टरफले आम्लात उकळून साखर काढत असे. मंगला नाकाला पदर लावून हसायची.

२. प्रयोगशाळेतील सेवक चिंधा पाटील याला माझी सायकल व घड्याळ. ज्वालापरीक्षेच्या तुटक्या प्लॅटिनम तारा त्याने वीस वर्षे कचऱ्यात जाऊ दिल्या नाहीत. त्याच विरघळवून मी औषध केले. प्राचार्यांनी कामाला खोली दिली नाही. त्यांना मीही काही देत नाही.

३. वह्या नीलाला. प्लॅटिनमचे औषध कर्करोगाची गाठ नष्ट करते, पण मूत्रपिंडेही खाते. गाठीला साखरेची हाव फार, म्हणून प्लॅटिनमला टरफलांची ती साखर जोडली तर ते तिथेच जाईल, अशी माझी कल्पना. साध्या औषधाने सहांपैकी पाच उंदीर गेले, साखरेच्या औषधाने दोन. बारा उंदरांवरून माणसाचे ठरत नाही. मेलेल्यांची पाने फाडू नयेत.

४. मेहुणा वसंत याला मंगलाची बाजाची पेटी. मी औषध कपाटात ठेवून त्याची बहीण मरू दिली, असे तो गावभर सांगतो. तिने मागितले होते हे खरे. "उंदरांना दिलंत ना? मग मला द्यायला काय हरकत आहे?" मी म्हणालो, अजून तपासलेलं नाही. तिने पुन्हा विचारले नाही. सतरा दिवसांनी ती गेली. मी बरोबर वागलो असे मला वाटते. रोज वाटत नाही.

५. हे कलम मी जिवंत असतानाचे आहे. वकील हसले तरी राहू द्यावे. त्या औषधाची कुपी अजून कपाटात आहे. दुखणे वाढले की मी ती मागेन. रडेन, बाप म्हणून हुकूम सोडेन, तपासून झाले आहे असे खोटेही सांगेन. नीला, देऊ नकोस. तुझ्या आईला मी दिले नाही.

सुरत, ता. ११ नोव्हेंबर १९७९
(सही) चं. दा. ओगले

सही करण्यापूर्वी त्यांनी पाचवे कलम आम्हांस स्वतः मोठ्याने वाचून दाखविले.
साक्षीदार : छगन नारणभाई पटेल, शेजारी
प्रमिलाबाई केळकर, शिक्षिका