तापाची वही

दि. २ फेब्रुवारी

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

काल तुझी भाची बेबी आपल्या लेकीला माझ्या पदरात टाकून प्रशिक्षणाला गेली. सहा आठवडे. मधे अर्धा दिवस बुडाला तरी नाव कापतात आणि कायमची नोकरी हातची जाते. जावई जहाजावर आहेत, ते यायला अजून चार महिने. तेव्हा चौदा महिन्यांची ठमी आणि चौसष्ट वर्षांचा मी, असे दोघेच या दोन खोल्यांत आहोत.

बेबीनं दारात उभं राहून मला तीनदा बजावलं. पोरीला ताप आला तर त्याच दिवशी कळवायचं, लपवायचं नाही. लपवलंत तर मी येऊन तिला घेऊन जाईन, मग नोकरी गेली तर गेली, असं म्हणाली. शाळेत असल्यापासून आईवाचून वाढलेली पोर आहे, बोलते ते करते. मी शब्द दिला.

ठमी माझ्या मिशा बघून दोन तास रडली, मग त्याच मिशा धरून झोपली. बाकी क्षेम. तुझ्या गुडघ्याचं काय ते कळव, आणि पत्रातून रागावणं चालू ठेव, त्यावाचून करमत नाही.

तुझा,
बापू

---

दि. ६ फेब्रुवारी

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

गुडघा आहे तिथेच आहे, तोही कुरकुरतो आणि मीही. तू पोर सांभाळतोस हे वाचून हसू आलं. चौतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात बॉयलरपाशी काढलीस, माणसांपेक्षा काट्यांशी जास्त बोललास. बेबी लहान असताना तुला तिचा लंगोट कुठल्या बाजूनं बांधायचा हेही माहीत नव्हतं. वहिनी होती म्हणून निभावलं.

पण तू हलगर्जी नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून मीच बेबीला म्हटलं की निर्धास्त जा. तेव्हा माझंही नाक तुझ्या हातात आहे. लहान मुलांच्या वॉर्डात एकतीस वर्षं काढलेल्या बाईचा भाऊ आहेस, एवढं लक्षात ठेव. काही वाटलं तर विचारायला लाजू नकोस.

ठमीचा पापा घे, मिशी बाजूला करून.

तुझी,
अक्का

---

दि. १२ फेब्रुवारी

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

ठमीला परवा संध्याकाळपासून ताप आहे. घाबरू नकोस, सगळं ताब्यात आहे. काल सकाळीच तिला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घसा लाल आहे म्हणून सांगितलं, वजन करून तापाचं औषध मोजून दिलं, आणि लक्ष ठेवा, वेगळं काही वाटलं तर लगेच आणा, असं म्हणाले.

लक्ष ठेवणं म्हणजे आपला हातखंडा. कारखान्याच्या वहीसारखी वही आखली आहे. दर तासाला बगलेत थर्मामीटर, आकडा, वेळ, सही. काल दुपारी १०२.४, संध्याकाळी १०३, औषधानंतर १०१. मागच्या पानावर आलेखही काढला आहे, तुला बघायला आवडेल.

बेबीला कळवलेलं नाही. अठराला तिची परीक्षा आहे. हे वाचलं की ती सगळं टाकून येईल. ताप उतरला की मीच सांगेन. तोवर तूही गप्प राहा, एवढं माझ्यासाठी कर.

तुझा,
बापू

---

दि. १४ फेब्रुवारी, सकाळ

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

तुझं उत्तर यायच्या आतच चांगली बातमी देतो. ताप उतरला. पहाटे १००, सातला ९९.२, आता ९८.८. आलेखाची रेघ कशी सरळ खाली आली आहे. वहीत खाली दोन रेघा मारून सही केली, पूर्वी पाळी संपल्यावर करायचो तशी.

पोर गुणी आहे. काल रात्रीपर्यंत किरकिर होती, आज शांत पडून आहे. हाक मारली की जराशी बघते आणि पुन्हा डोळे मिटते. ताप गेल्यावर माणसाला झोप येतेच. दूध नको म्हणते, चमचा ओठाला लावला की तोंड फिरवते, म्हणून जबरदस्ती केली नाही. काल संध्याकाळपासून एकही लंगोट बदलावा लागला नाही. धुणंवाल्या बाईंचं आजचं काम वाचलं. त्या दुपारी येतील, त्यांना सांगेन की आज सुट्टी.

मला स्वतःला आता तासभर पडावंसं वाटतंय. तीन रात्री नीट झोपलो नाही. तू मला काट्यांशी बोलणारा म्हणालीस, पण काटाच उपयोगी पडला की नाही? कौतुकाचे चार शब्द लिही.

तुझा,
बापू

---

दि. १४ फेब्रुवारी

चि. बापूस आशीर्वाद.

तुझं बाराचं पत्र आत्ता मिळालं. आधी वही बाजूला ठेव, मग वाच.

ताप हा रोग नाही, तो अंगाचा लढा आहे. आकडा किती यापेक्षा पोर कशी आहे ते बघायचं. एकशेतीन ताप असून खेळणारी मुलं मी पाहिलीत आणि काहीच ताप नसताना हातातून निसटणारीही पाहिलीत. औषध आकडा उतरवायला नसतं, पोरीला जरा बरं वाटावं आणि तिनं घोटभर प्यावं म्हणून असतं. सांगितलं तेवढंच दे, सांगितलेल्या अंतरानं दे. गार पाण्यानं पुसू नकोस, शालीत गुंडाळू नकोस. झोपली असेल तर आकड्यासाठी उठवू नकोस.

प्यायला मात्र घालत राहा. घसा दुखत असेल तर ती नको म्हणेल, तरी दर पाच मिनिटांनी चमचाभर. आणि लंगोट मोज, थर्मामीटर नव्हे. सात-आठ तास कोरडी राहिली, रडताना डोळ्यांतून पाणी आलं नाही, उचलल्यावर मान टाकली, नीट जागी होईना, श्वासाला बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, आकडी आली, अंगावर दाबूनही न फिकटणारे डाग उठले, तर ताप अठ्ठ्याण्णव असला तरी घड्याळ न बघता इस्पितळ गाठ. ताप तीन दिवसांवर रेंगाळला तरी पुन्हा दाखव. ती तीन महिन्यांच्या आतली असती तर पहिल्या तापालाच ने म्हटलं असतं.

बेबीला आज कळव. मी गप्प राहणार नाही, फक्त पहिली संधी तुला देते.

अक्का

---

दि. १६ फेब्रुवारी

बापू,

तुझं चौदाचं पत्र अकरा वाजता मिळालं. अकरा वाजून दहाला मी तारघरात होते. तार मिळाली असेल. काल संध्याकाळपासून लंगोट बदलावा लागला नाही, हे तू बढाई मारल्यासारखं लिहिलंस. ते पत्र दोन दिवस टपालात होतं. ते दोन दिवस मला मोजवत नाहीत.

उलट टपाली लिही. काहीही असो, लिही.

अक्का

---

दि. १६ फेब्रुवारी

चि. बेबीस अ. उ. आशीर्वाद.

ठमी बरी आहे. हे पहिलं वाक्य मुद्दाम लिहिलं, कारण पुढचं वाचायला तुला धीर लागेल.

तिला दहा तारखेला ताप आला आणि मी तुला कळवलं नाही. चौदाला ताप उतरला म्हणून मी खुशीत होतो. दुपारी धुणंवाल्या बाई आल्या. मी म्हटलं, आज धुणं नाही, सुट्टी. त्यांनी बादलीत बघितलं आणि विचारलं की पोरीचे लंगोट कुठे आहेत. मी सांगितलं की तिनं ओले केलेच नाहीत. त्या हात पुसत आत गेल्या. ठमीला उचललं तर तिची मान मागे गेली. ओठ सुकले होते, ती रडायला लागली पण डोळे कोरडे.  तिला पदरात घेऊन बाई जिना उतरल्या आणि मी वही हातात घेऊन मागून धावलो. वही का घेतली, मला माहीत नाही.

इस्पितळात सलाईन लावलं. शीर सापडायला तीन ठिकाणी टोचावं लागलं. तोंडात, घशात बारीक फोड आले होते, म्हणून ती पीत नव्हती. तरुण डॉक्टरीणबाईंनी माझी वही चाळली आणि म्हणाल्या की आकडे अगदी बरोबर आहेत, पण पाणी किती प्यायली याचा रकाना कुठे आहे. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं, असंही म्हणाल्या.

बेबी, बॉयलरवर चौतीस वर्षं मी पाळीवर आल्याबरोबर आधी पाण्याची काच बघायचो. वाफेचा काटा नंतर. काटा कितीही शहाणा दिसला तरी काचेत पाणी नसेल तर बॉयलर फुटतो. नव्या माणसांना मी हे शिकवलंय. आणि घरात आकडा उतरला म्हणून सही करून मोकळा झालो.

त्याच रात्री नऊला तिनं पहिला लंगोट ओला केला. परिचारिकेनं मला तो दाखवला आणि मी वहीत वेळ लिहिली. आज तिनं दीड वाटी दूध घेतलं आणि मिशी ओढली. उद्या घरी सोडतील.

परीक्षेच्या तोंडावर हे पत्र टाकू नये असं मनात आलं होतं. पण तशाच विचारानं एकदा तोंडघशी पडलोय. तू म्हणाली होतीस तसं तिला घेऊन जायचा तुला पूर्ण हक्क आहे. मी अडवणार नाही.

तुझे,
बापू

---

दि. १९ फेब्रुवारी

ती. बापूंस, शि. सा. न. वि. वि.

पत्र परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मिळालं. पेपर दिला. कसा गेला ते विचारू नका.

आत्याचंही पत्र आलं. तिनं तुमची बाजू घेतलेली नाही, विरोधातही काही लिहिलेलं नाही. चूक माझीही, मीच निर्धास्त जा म्हटलं, असं लिहिलंय. मला तुमचा फार राग आला आहे. चूक झाली म्हणून नाही. तुम्ही मला सहा दिवस हसत्या पोरीची आई राहू दिलंत म्हणून.

शनिवारी दुपारचे वर्ग संपले की निघते. रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत. ठमीचं काय करायचं ते तिथे आल्यावर ठरवेन. तोवर तिला पाजत राहा आणि किती प्यायली ते लिहून ठेवा.

आपली,
बेबी

---

दि. २५ फेब्रुवारी

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

बेबी येऊन गेली, त्याची हकिगत सांगतो.

ती यायच्या आधीच मी ठमीचे कपडे घडी घालून माझ्या कॅनव्हासच्या पिशवीत भरले होते. औषधाची बाटली, वाटी, चमचा, सगळं. तिला मागायला लागू नये म्हणून पिशवी दाराजवळच ठेवली. तिनं ती आल्या आल्या बघितली. पोरीला घेतलं, तोंड उघडून पाहिलं, टोचलेल्या हातावरून बोट फिरवलं आणि तिला घेऊन खिडकीपाशी गेली.

रात्री जेवण झाल्यावर तिनं वही मागितली. पहिल्या पानापासून वाचली. दोन रेघा आणि सही आहे त्या पानावर थांबली. पुढच्या पानांवर आता चारच रकाने आहेत: काय प्यायली, किती, लंगोट, खेळली का. तापाचा रकानाच नाही, कारण ताप नाही. त्यावर तिनं विचारलं की वीस तारखेला दुपारी 'खेळली नाही' असं का लिहिलंय. मी सांगितलं की मांजर बघत बसली होती, ते खेळण्यात धरायचं की नाही हे कळलं नाही. ती हसली नाही, पण तोंड लपवलं.

रविवारी धुणंवाल्या बाई आल्या तेव्हा दोघी मोरीपाशी बसून तासभर बोलल्या. मला बोलावलं नाही. मी स्वयंपाकघरात उगीच भांडी हलवत राहिलो. माझ्याविषयी काय ठरतंय ते ऐकायचं धाडसही नव्हतं. जाताना बेबीनं त्यांचे हात धरले होते एवढं दिसलं. मग मला म्हणाली की तिला पाणी पाजा, मला बघायचंय. मी पाजलं, चमचा चमचा, पाऊण वाटी, वीस मिनिटं. ठमीनं दोनदा थुंकलं. बेबी दाराला टेकून उभी होती.

चार वाजता तिनं माझी पिशवी जमिनीवर उपडी केली. ठमीची झबली-टोपडी एकेक उचलून फळीवर लावली, वाटी-चमचा ओट्यावर ठेवला. तिच्या स्वतःच्या बॅगेची चेन बिघडली होती, म्हणून माझ्या पिशवीत आपले कपडे कोंबले, पोरीला माझ्याकडे दिलं आणि गाडीला गेली. एकटी.

ती रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत मी कसाबसा तग धरला. मग दार लावून ठमीला कुशीत घेऊन हमसून हमसून रडलो, इतका की ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. हेही आज बेबीला लिहिणार आहे. आता तिच्यापासून काही लपवायचं नाही.

तुझा राग निवळला असेल तर लोभ कर, नसेल तर आधी राग पुरता कर आणि मग लोभ.

तुझा,
बापू