पुसायच्या प्लेटा

३ तारीख, सोमवार
प्रयोगशाळेतला पहिला दिवस, आणि स्वारी एकदम खूश. दादानेच चिकटवलं मला इथे. तो लेझर चालवतो. झोत तांब्याच्या तारेवर आदळला की सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही छोटा, पण जबरदस्त असा क्ष-किरणांचा झटका निघतो आणि समोरच्या प्लेटवर मधे ठेवलेल्या धातूच्या जाळीची सावली उमटते. तासाला एकच झटका, मग यंत्र थंड होईपर्यंत चहा. मी प्लेट काढायची, स्कॅन करायची, वीस मिनिटं दिव्याखाली ठेवून पुसायची, की पुन्हा कोरी. दादा म्हणाला, शेंडेफळाला साजेसं काम आहे, पाटी पुसायचं. घरी वहिनीने त्याला चांगलंच झापलं.

५, बुधवार
आज जाळीशेजारी दोन बोटांची हाडं उमटली. आत कुणी नव्हतं. दार मीच लावलं होतं आणि दादा माझ्या शेजारी बसला होता. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, जुनी प्लेट नीट पुसली नसेल. नव्या माणसाच्या माथी खापर फोडणं सोपं असतं. मुकाट्याने दिव्याखाली ठेवली. निघताना दादाला कोटाची बटणं लावता येईनात. डाव्या हाताची दोन बोटं लुळी पडली होती.

७, शुक्रवार
काल प्लेटवर अख्खा डावा पंजा होता. पुसली. तेवढ्यात दादाच्या हातातून कप निसटला. पंजा रिकाम्या हातमोज्यासारखा लोंबतोय. दवाखान्यात तीनदा एक्स-रे काढला. मनगटापुढे हाडंच नाहीत. वहिनी डॉक्टरांशी भांडली. मला मात्र कळलं होतं. मी प्लेट पुसते आणि तेवढा दादा जातो.

१०, सोमवार
बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला उद्यापासून दोन दिवस रजा घ्यायला सांगितली. यंत्र म्हणे थांबवता येणार नाही. दादाच्या जागी दुसरा माणूस बसला. अकराच्या झटक्याला बरगड्या उमटल्या. त्यातली एक मोडून सांधलेली. लहानपणी मला वाचवताना झाडावरून पडला होता तो. आणि मधे मुठीएवढी सावली.
पुसली नाही. काळ्या पाकिटात घालून घरी आणली. आता कुणीही येऊ दे.

११, मंगळवार
बाईंचा फोन. प्लेट परत आण म्हणाल्या, ठेवून काही उपयोग नाही. न पुसताही चित्र आपोआप विरतं, दिवसाभरात निम्मं.
दादाला सकाळपासून धाप लागतेय.

दुपारी
पाकीट बर्फात ठेवलंय. गारव्यात हळू विरतं म्हणे. हळू, पण विरतंच.
दादाला सांगून टाकलं. तो हसला. म्हणाला, ही तर पुसली नाहीस ना, मग तुझा काय दोष. माझ्या मनात आलं, आधीच्या दोन मीच पुसल्या — माझ्याच हाताने —

चार वाजता
ओठ निळे. पाकीट उघडून बघता येत नाही, उजेड लागला तर — किती उरलंय तेही कळत नाही.

छातीवर कान ठेवून लिहितेय. ठोका आहे. मग बराच वेळ — आहे. वहिनी विचारतेय, कधी बरं वाटेल याला. मी म्हटलं, वाटेल — आहे — अजून